सैफुल्ला चिरागी, तुईसरकानवाले

तेहरान,
८ आबान १३७४

प्रिय बाबा,

सलाम. तुमची तब्येत बरी असेल, गुडघे फार कुरकुरत नसतील आणि अक्रोडांनी काळे झालेले हात आता थोडे उजळले असतील. बसवाल्याबरोबर पाठवलेलं पोतं पोचलं. वसतिगृहात हातोडी कुणाकडेच नाही, म्हणून आम्ही अक्रोड दाराच्या फटीत धरून फोडतो. वॉर्डनबाई रोज विचारतात, हे दार असं का कण्हतं? अक्रोड मात्र त्याही मिटक्या मारत खातात.

माझं छान चाललंय. पाचव्या वर्षाला आल्यापासून सगळी सकाळ रुग्णालयातच जाते. गेल्या आठवड्यात एका आजोबांच्या हातातली शीर मला पहिल्या झटक्यात सापडली. ते इतके खूश झाले की शेजारच्या खाटेवरच्याला म्हणाले, “हिच्याकडूनच टोचून घे, बाकीच्या शिकाऊ आहेत.” मीही शिकाऊच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता खरी बातमी. विद्यापीठातून आम्हा मुलींची मशहदची सहल निघतेय, तीन दिवसांची. चिठ्ठ्या टाकून सोळा नावं काढली आणि त्यात माझं निघालं! मी आयुष्यात कधी काही जिंकल्याचं तुम्हाला आठवतंय का? मी इतकी ओरडले की सरांनी शिकवणं थांबवलं. अकरा तारखेला दुपारच्या गाडीने निघायचं. प्रत्येकीला आईला बरोबर नेता येतं. माझ्या नावापुढचा तो रकाना रिकामा होता. त्याचं पुढे काय होतं ते सवडीने लिहीन.

उन्हाळ्यात तुम्हाला विचारलं होतं, मशहदला इमाम रझांच्या दारी कधी जायचं, तर नेहमीसारखं म्हणालात, “बोलावणं आलं की जाईन.” अख्ख्या बाजारात मशहद न पाहिलेले तुम्ही एकटे उरलात. नादअली न्हावी शेजारच्या गावी जायचं म्हटलं तरी आजारी पडतो, तोसुद्धा दोनदा जाऊन आला. पण तुमचं बोलावणं काही येत नाही. असो. तिथे तुमच्या नावाने दोन रकात नमाज पढेन.

यात्रेला निघायच्या आधी सगळ्यांची माफी मागून घ्यायची ती रीतीची फेरी कालपासून चालू आहे. खोलीतल्या मैत्रिणीची मागितली, कारण तिचा कंगवा मी न विचारता वापरते. खानावळीतल्या आचाऱ्याची मागितली, कारण त्याच्या भाताला मी जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉर्डनबाईंची दारासाठी मागितली. त्यांनी माफ केलं नाही. आणखी एका घरी जाऊन आले. आता तुम्ही राहिलात. बाबा, मला सगळं माफ करा. सगळं म्हणजे काय काय, ते विचारू नका. निदान आत्ता नको.

सकाळी बागेत जाताना लोकरीचा बनियन घालत जा. कपाटात ठेवून तो ऊब देत नाही.

तुमची,
फरंगीस


मशहद,
१४ आबान

प्रिय बाबा,

सलाम. आधी बसा. चहा ओतून घ्या. आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय शेगडीत घालणार नाही, असं मनातल्या मनात कबूल करा.

तूबा आत्या माझ्याबरोबर आहे.

तुमची सख्खी बहीण, जिचं नाव आपल्या घरात अकरा वर्षं कुणी काढलं नाही, ती इथे माझ्या शेजारी बसून डाळिंब सोलतेय आणि दर दोन मिनिटांनी विचारतेय, “त्याला एवढं काय लिहितेस?” मी सांगितलं, तुझ्या चहाड्या लिहितेय. म्हणाली, “मग लिही, कागद कमी पडला तर सांग.”

आता सुरुवातीपासून सांगते. मागच्या पत्रात “आणखी एका घरी” असं मोघम लिहिलं होतं ना, ते आत्याचं घर. आणि तिथे मी पहिल्यांदा गेले नव्हते. दोन वर्षं दर शुक्रवारी तिच्याकडे जेवायला जाते. तेहरानच्या दक्षिण टोकाला, रे भागात, एका खोलीत राहते ती. अब्बास काका गेल्यापासून एकटीच आहे, रजया शिवून गुजराण करते. तुम्ही मला शुक्रवारी काय करतेस म्हणून विचारायचात आणि मी “अभ्यास” लिहायची. ते खोटं होतं. हा घ्या एक गुन्हा. अजून आहेत.

तर त्या दिवशी मी तिची माफी मागितली, तिने माझी पापी घेतली, खिशात सुकी तुतीफळं कोंबली. दारात चपला घालताना मी म्हणाले, “आत्या, तू पण चल ना माझ्याबरोबर.” बाबा, हे आपण कसं म्हणतो ते तुम्हाला काय सांगायचं? रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आपण “या, जेवून जा” म्हणतो आणि तो खरंच थांबला तर आपण पातेल्यात डोकावायला धावतो. तिने म्हणायचं, छे गं, माझं कुठलं एवढं नशीब. मी म्हणायचं, नाही, चलच. तीनदा झालं की दोघींची अब्रू राहिली आणि कुणालाच कुठे जावं लागलं नाही. हा शिष्टाचार तिनेच मला मांडीवर घेऊन शिकवलाय.

आत्या म्हणाली, “गाडी किती वाजता?”

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. अकरा तारखेला स्टेशनवर पोचले तर फलाटावर ती आमच्याआधी हजर! एक बोचकं, एक रजई, आणि सोळा मुलींना पुरतील इतक्या बटाट्याच्या टिक्क्या. आमच्या सहलीच्या प्रमुख सलीमीबाई यादी घेऊन उभ्या होत्या. कडक बाई, नियमाच्या बाहेर श्वासही घेत नाहीत. त्यांनी आत्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, “या तुझ्या आई?”

मी तोंड उघडायच्या आत आत्याच म्हणाली, “हिची आई असती तर मी कशाला आले असते, बाई?”

सलीमीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्या नावापुढच्या रकान्यात एक खूण केली. त्या दिवसापासून मी त्यांना कडक म्हणणं बंद केलंय.

आणि मग बाबा, काय सांगू! पहिल्या सकाळी बाकीच्यांच्या आया पहाटेच जाऊन आल्या होत्या; आम्ही सोळा जणी इमामांच्या दर्ग्यात, हरममध्ये, गेलो तेव्हा बायकांच्या बाजूला एवढी गर्दी होती की कबरीभोवतीची चांदीची जाळी लांबूनही दिसत नव्हती. आम्ही डॉक्टर होणाऱ्या शहाण्या मुली, “जरा वाट द्या, कृपा करा” करत एका खांबाला टेकून गप उभ्या. आत्याने डोक्यावरून घेतलेल्या काळ्या चादरीचं टोक दातात धरलं आणि म्हणाली, “एकमेकींना धरा आणि माझ्यामागे या. कुणाला ढकलायचं नाही, पण थांबायचंही नाही.” बघता बघता गर्दीतून वाट निघाली. ती प्रत्येक बाईला “आई, देव तुझं भलं करो” म्हणायची आणि तेवढ्यात एक पाऊल पुढे सरकायची. पिसांचा झाडू घेऊन उभी असलेली सेविकासुद्धा हसायला लागली. एकेक करून सोळाच्या सोळा जणींचे हात त्या जाळीला लागले. बाहेर आल्यावर मुली आत्याच्या गळ्यात पडून रडत होत्या, हसत होत्या. माझ्या वर्गातली जी मुलगी आयुष्यात कशाला भीत नाही, ती तिचा हात सोडायला तयार नव्हती. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. ही माझी आत्या आहे, असं मी दिसेल त्याला सांगत सुटले.

तुम्हाला आणखी एक सांगायचंय. जाळी धरून तिने पहिलं नाव तुमचं घेतलं. मी पाठीमागेच होते, कानांनी ऐकलं. “सैफुल्लाचे गुडघे,” म्हणाली, “आणि सैफुल्लाचा राग. दोन्ही बरे कर. दोन्ही जमत नसेल तर आधी गुडघे.”

काल दुपारी ती हरवली.

जेवण झाल्यावर आम्ही जुन्या चौकात आलो. मी चपला घ्यायला गेले आणि वळून पाहते तर आत्या नाही. तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगते, इथले चौक सगळे एकसारखे दिसतात आणि प्रत्येकात हजार काळ्या चादरी असतात. एकूणएक चादरीखाली मला आत्या दिसायला लागली. तासभर मी धावत होते. तिची रक्तदाबाची गोळी माझ्या पिशवीत. मनात आलं, आता बाबांना काय तोंड दाखवू? मग आठवलं, बाबांना तर माहीतच नाही. त्याने आणखी रडू आलं.

आणि तेवढ्यात वरून लाउडस्पीकर खरखरला. एका वयस्कर माणसाचा संथ आवाज.

“तुईसरकानचे आगा सैफुल्ला चिरागी. तुईसरकानचे आगा सैफुल्ला चिरागी. तुईसरकानचे आगा सैफुल्ला चिरागी. तुमची बहीण तूबा खानम हरवलेल्यांच्या खोलीत तुमची वाट पाहत आहे. लवकर यावं.”

बाबा, तीनदा. त्या सोन्याच्या घुमटाखाली, भर दुपारी, हजारो माणसांसमोर तुमचं नाव तीनदा घेतलं गेलं. आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि खरंच ओरडले मी. शेजारच्या बाईला वाटलं, माझी कुठली तरी मागणी पुरी झाली. तिने माझ्या हातावर साखर ठेवली.

खोलीत पोचले तर आत्या खुर्चीवर बसून साखरेचा खडा दातात धरून चहा पितेय. समोर हिरव्या पट्ट्याचे एक म्हातारे सेवक, रागाने लाल.

“तूच का सैफुल्ला चिरागींचं माणूस? ते कुठे आहेत?”

“तुईसरकानला,” मी म्हणाले.

“तुईसरकानला! आणि आम्ही इथे बोंबलतोय! कुणाला बोलावतोय आम्ही?”

“त्यालाच,” आत्या म्हणाली. “बोलवा तुम्ही. तो येईल.”

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “आत्या, मी आहे ना बरोबर! माझं नाव का नाही सांगितलंस?” तर म्हणे, “कुणाबरोबर आलात, असं कुठे विचारलं त्यांनी? विचारलं, तुमचं कोण आहे? मग मी खरं तेच सांगितलं.”

ती खरोखरच हरवली होती की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. खोदून विचारलं की तिचे गुडघे दुखायला लागतात. चिरागी घराण्यात ही सोय सगळ्यांनाच आहे.

तर आगा सैफुल्ला चिरागी, तुमचं बोलावणं आलं. मी स्वतः ऐकलं, बाकीच्या पंधरा मुलींना साक्षीला उभं करते. आता ती सबब संपली. आणि सबब संपली म्हणून खरं कारणही बोलूया. तुम्ही मशहदला येत नाही ते बोलावण्यासाठी नाही. यायच्या आधी माफी मागायला बहिणीच्या दारात जावं लागेल, म्हणून येत नाही. मला हे केव्हापासूनच माहीत आहे. नादअली न्हाव्यालाही माहीत असेल.

आज सकाळी आमचं सामान बांधून दारात आलं तेव्हा आत्या बोचक्यावर बसून राहिली. सलीमीबाई म्हणाल्या, “तूबा खानम, गाडी चुकेल.” ती म्हणाली, “मी सैफुल्लाला बोलावलंय. घरी माणूस बोलावून आपणच कुलूप लावून जायचं का?” सगळ्यांनी समजावलं. व्यर्थ. शेवटी आम्ही जिथे उतरलो त्या घराच्या मालकीण नुसरत खानम म्हणाल्या, “राहू दे तिला. माझ्या बावीस रजयांचा कापूस गोळा झालाय, तेवढ्या शिवून होईपर्यंत राहील.” म्हणजे ती आता बावीस रजया शिवणार आणि तुमची वाट बघणार. रोज एक होते तिच्याने. हिशेब तुम्हीच करा. आमची गाडी दुपारी आहे, म्हणून घाईत लिहितेय.

आता ते राहिलेलं. अक्षर वाईट आलं तर समजून घ्या.

आईच्या सातव्या दिवशी आत्या भरल्या घरात तुम्हाला म्हणाली होती, “मुनव्वर तुला म्हणाली होती, मला तेहरानला ने. आणि तू म्हणालास, अक्रोड उतरू देत.” तुम्ही तिला त्याच पावली घराबाहेर काढलंत. चहाचा ट्रे तसाच राहिला होता. बाबा, आई हे तुम्हाला म्हणाली तेव्हा आत्या तेहरानमध्ये होती. ती तिथे नव्हतीच. मी होते. मी खिडकीपाशी गणितं सोडवत होते. आणि सहाव्या दिवशी मीच ते आत्याला सांगितलं, तिच्या कुशीत, रडता रडता. मला कुणाला तरी सांगायचं होतं. ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलेल, असं मला वाटलं नव्हतं.

बोलायला नको होतं तिने. तीही आता तेच म्हणते. पण तुम्ही तिला जा म्हणालात तेव्हा ती एवढंच म्हणू शकत होती की, मला फरंगीसने सांगितलं. नाही म्हणाली. अकरा वर्षांत एकदाही नाही, मला सुद्धा नाही. तिने भाऊ घालवला आणि माझं नाव घेतलं नाही. मी गप्प बसले. आधी लहान होते म्हणून, मग मोठी झाले म्हणून.

आणि एक डॉक्टरीचं. तिसऱ्या वर्षाला असताना मी आईचे कागद तुमच्या पेटीतून काढून वाचले. हाही एक गुन्हा लिहून घ्या. मग माझ्या प्राध्यापकांना दाखवले. तिच्या स्वादुपिंडात जे होतं ते सापडलं तेव्हाच फार पुढे गेलेलं होतं. तेहरानला नेलं असतंत तर ती तेहरानला गेली असती, इतकाच फरक. आपल्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली, तुमच्या हातून पाणी पिऊन नसती गेली. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. परीक्षेत विचारलं तरी हेच लिहीन. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. तोंडातून एकदा निघून गेलेल्या वाक्याने एवढं केलं होतं की दुसरं काढायची हिंमत झाली नाही.

मागच्या पत्रात सगळं माफ करा म्हणाले होते. सगळं म्हणजे हे.

नुसरत खानमचा पत्ता पाकिटावर मागे लिहिलाय. तेहरानहून गाडी रोज आहे.

तुमचीच,
फरंगीस


तेहरान,
२५ आबान

आगा सैफुल्ला चिरागी,
मुक्काम मशहद, नुसरत खानमचं घर

प्रिय, प्रिय, प्रिय बाबा,

सलाम! पाकिटावर तुमच्या नावाखाली मशहद लिहिलं आणि ते तीनदा वाचलं. पोस्टातल्या माणसाला मी उगीचच सांगितलं, “माझे वडील आहेत तिथे.” तो म्हणाला, “बरं,” आणि शिक्का मारला. त्याला काय कल्पना!

आत्याचा फोन परवा संध्याकाळी आला. वसतिगृहाचा फोन खालच्या दालनात आहे आणि आत्याला वाटतं, मशहद लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं. त्यामुळे तुमची सगळी कहाणी माझ्याबरोबर चाळीस मुलींनी आणि वॉर्डनबाईंनी ऐकली. नाइलाज आहे.

मी तुमच्यावर रागावलेही आहे. तेहरानच्या बस तळावर दोन तास बसलात आणि मला एक फोन नाही! पण ते जाऊ दे. तुम्ही गावाहून निघालात, हेच मला अजून खरं वाटत नाही. आत्या म्हणाली, अंगात तो लोकरीचा बनियन होता. उलटा घातलेला.

नुसरत खानमच्या घरी न जाता आधी सरळ हरवलेल्यांच्या खोलीत गेलात म्हणे! त्याच म्हाताऱ्या सेवकांसमोर उभे राहिलात आणि टोपी हातात घेऊन म्हणालात, “मला इथून बोलावलं होतं.” त्यांनी नाव विचारलं. तुम्ही सांगितलंत. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, “नऊ दिवस झाले, आगा.” तुम्ही म्हणालात, “रस्ता लांब आहे.” मग ते उठून तुमच्या गळ्यात पडले आणि स्वतः तुम्हाला नुसरत खानमच्या दारापर्यंत सोडायला आले. वाटेत दोनदा म्हणाले, “तुमची बहीण फार त्रासदायक बाई आहे.” तुम्ही म्हणालात, “लहानपणापासून.” बाबा, हे वाक्य ऐकून दालनात टाळ्या पडल्या, शपथेवर सांगते.

आत्या तेव्हा नववी रजई शिवत होती. उठली नाही. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे, ती सुई हातात धरून बसलेली. लोक घरातून निघताना माफी मागतात, तुम्ही तिथे पोचल्यावर मागितलीत. उलटं झालं, पण चालेल. आत्या सांगत होती, “म्हणाला, तूबा, माझं चुकलं. तर मी म्हटलं, माझंही चुकलं, पण आधी आत ये, थंडी घरात शिरतेय.” हे सांगताना पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. आमच्या मागे कुणी तरी तुतारी वाजावी तसं नाक शिंकरलं. वॉर्डनबाई होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुम्हाला हरममध्ये घेऊन गेली. पुरुषांची बाजू वेगळी, त्यामुळे तिला आत येता आलं नाही. ती चौकात बसून राहिली आणि तुम्ही आत किती वेळ होतात ते तिने मोजलं. चार वेळा चहा झाला म्हणे. बाहेर आलात तेव्हा तुमच्या डोळ्यांकडे बघून तिने काही विचारलं नाही. मीही विचारत नाही.

पण तुम्ही तिच्याकडे माझ्यासाठी जो निरोप दिलात, तो मला तुमच्या हस्ताक्षरात हवा आहे. तो मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतला आणि खोलीत येऊन वहीत लिहून ठेवला. बरोबर आहे का बघा:

“फरंगीसला सांग, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. एक वारली, मी बोललो नव्हतो, मग राहिलं कोण? पण बारा वर्षांच्या पोरीवर कसं रागवायचं? तिची आई गेलेली. कुणावर तरी तर रागवायचं होतं. तूबा समोर उभी होती.”

बाबा. म्हणजे दर सुट्टीत आपण दोघं एकाच दस्तरखानावर बसायचो, तुम्ही मला भाकर तोडून द्यायचात, मी तुम्हाला ताक ओतून द्यायची, आणि दोघंही एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो! मी घाबरून आणि तुम्ही मला जपण्यासाठी. मी काल दिवसभर रुग्णालयात वेड्यासारखी हसत होते. एका बाईला वाटलं, तिचा अहवाल चांगला आला. आलाही होता, देवाची कृपा.

मी जिंकलेय बाबा. चिठ्ठीत माझं नाव निघालं तेव्हा मला वाटलं होतं, हेच काय ते माझं नशीब. ते काहीच नव्हतं.

आता ऐका. उरलेल्या रजया शिवून झाल्या की दोघं मिळून इकडे या. माझी सुट्टी मंजूर झालीय. सलीमीबाईंनी शिफारस लिहिली, कारणाच्या जागी “कौटुंबिक आनंद” असं. इथून तिघंही बसने तुईसरकानला जाऊ. आत्याने अकरा वर्षांत आईची कबर पाहिलेली नाही. ती मला म्हणाली, “वाट आठवेल का गं मला?” मी म्हणाले, तुझा भाऊ नेईल.

तुम्ही नेणार आहात. मी तिला शब्द दिलाय.

तुम्हा दोघांची,
फरंगीस